दुसरीच्या मुलाला ‘नाउन’ची व्याख्या कशाला?

दुसरी-तिसरीतल्या मुलाला ‘नाउन म्हणजे काय’ असं विचारलं की उत्तर घडाघडा येतं: ‘अ नाउन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस, ॲनिमल ऑर थिंग.’ त्याच मुलाला ‘आज डब्यात काय होतं ते इंग्रजीत लिही’ म्हटलं की ते गप्प होतं. एवढ्या पाठांतरातून एक वाक्यही हाताशी आलेलं नसतं. तरी संध्याकाळी घराघरांत हेच चालतं. नाउन अधोरेखित करा, व्हर्बला गोल करा, रिकाम्या जागी इज किंवा आर भरा. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. चौथीपर्यंत घरी व्याकरणाच्या व्याख्या आणि वर्कबुकं बाजूला ठेवावीत आणि तो सगळा वेळ वाक्यं ऐकण्यात, जुळवण्यात आणि लिहिण्यात घालवावा. शाळांनीही असा गृहपाठ घरी पाठवणं बंद करावं.

हा घोळ कुठून आला, तेही बघायला हवं. मराठी शाळांमध्ये पूर्वी इंग्रजी पाचवीपासून सुरू होत असे. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून आलं आणि पुढे सेमी-इंग्रजीची लाट आली. इंग्रजी चार वर्षं अलीकडे आलं, पण शिकवण्याची रीत मोठ्यांना आठवत होती तीच राहिली: आधी शब्दांच्या जाती, मग काळांचे तक्ते, मग भाषांतर. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला ही रीत थोडीफार पेलत होती, कारण त्याचं मराठी वाचन-लेखन पक्कं झालेलं असे आणि कर्ता, कर्म, क्रियापद त्याला मराठीतून कळलेलं असे. सहा वर्षांच्या मुलाकडे यातलं काहीच नसतं. काना-मात्रा अजून बसत असतानाच त्याच्यापुढे ‘कॉमन नाउन’ आणि ‘प्रॉपर नाउन’ येतात. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२२च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम चौथ्या हिश्शाला, २४.५ टक्क्यांना, इंग्रजीतली साधी वाक्यं वाचता येत होती. २०१६मध्येही आकडा जवळपास हाच होता. पाया वाचनाचाच कच्चा आहे, आणि आपण त्यावर व्याख्यांचे मजले चढवतो आहोत.

व्याख्या शिकवून लेखन सुधारत नाही, हे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांना फार पूर्वी कळलं आहे. १९६३मध्ये अमेरिकेत ब्रॅडॉक, लॉइड-जोन्स आणि शोअर यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की, औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखनात सुधारणा नगण्य होते. २००७मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या लेखनावरचे प्रयोग एकत्र मांडले. त्यात नुसत्या व्याकरणाच्या तासांचा परिणाम उलटा दिसला, तर दोन छोटी वाक्यं जोडून एक करण्याच्या सरावाचा परिणाम चांगला दिसला. इंग्लंडमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना व्याकरणाचे खास पाठ देऊन पाहिले गेले. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ते पाठ घेतलेल्या मुलांच्या गोष्टी इतरांपेक्षा चांगल्या निघाल्या नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ती मुलं इंग्रजी बोलतच मोठी झाली. आमच्या मुलांच्या कानावर इंग्रजी नाही, मग नियम नकोत तर काय? खरं आहे, आपल्या मुलांना जास्त मदत लागते. पण नियम हा कशाचा तरी नियम असतो. ज्याच्या डोक्यात शंभर इंग्रजी वाक्यं नाहीत, त्याला ‘सिंपल प्रेझेंट टेन्स’चा नियम चिकटवायला जागाच नसते. म्हणून मदत हवी ती वाक्यांची. ही मदत घरी होऊ शकते, अगदी स्वतःला इंग्रजी फारसं येत नसलेल्या आईवडिलांकडूनही, कारण आपली मुलं इंग्रजीत जिथे चुकतात त्यातल्या बऱ्याच जागा मराठीमुळे ठरलेल्या आहेत आणि मराठी आपल्याला येतं.

सुरुवात शब्दचिठ्ठ्यांनी करावी. जुन्या लग्नपत्रिका कापून तीन इंच लांब, दीड इंच रुंद अशा तीसेक पट्ट्या कराव्यात. कर्ता निळ्या शाईने, क्रियापद लाल शाईने, बाकीचं काळ्याने. कर्ते चार पुरेत: आय, यू, वी, दे. क्रियापदं सहा-सात, मुलाच्या रोजच्या कामातली: ईट, ड्रिंक, लाइक, सी, प्ले, वॉन्ट, हॅव. बाकी शब्द घरातले. ‘मी दूध पितो’ हे मूल आधी मराठीत म्हणतं आणि त्याच क्रमाने चिठ्ठ्या लावतं: ‘आय मिल्क ड्रिंक’. चूक नव्हे, मराठी वाक्याचा तोच क्रम आहे. आता लाल चिठ्ठी उचलून मध्ये आणायची. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या शेजारी येतं, हे बोटाने हलवून कळतं. सांगून कळत नाही. रोज पाच वाक्यं, दहा मिनिटं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलं लाल चिठ्ठी आपणहून मध्ये ठेवायला लागतात. ज्यांना वेळ लागतो त्यांना लागू द्यावा.

चिठ्ठ्यांचा खरा उपयोग ‘इज’शी गाठ पडते तेव्हा होतो. ‘आय ॲम गो टू स्कूल’, ‘ही इज प्ले क्रिकेट’ ही वाक्यं महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या वह्यांत सापडतील. कारणं दोन. एक, मराठीत ‘आहे’ सगळीकडे येतं: मी जात आहे, मला माहीत आहे, घर मोठं आहे. दुसरं कारण आपण तयार करतो. पहिले कित्येक महिने मुलाला फक्त ‘धिस इज अ कॅट, दॅट इज अ बॉल’ अशीच वाक्यं देतो आणि मग इंग्रजी वाक्य म्हणजे मध्ये इज, असा त्याचा समज पक्का होतो. म्हणून पहिल्या आठवड्यापासून ‘आय लाइक’, ‘आय सी’, ‘आय हॅव’ ही वाक्यं ‘इज’च्या बरोबरीने चालवावीत. आणि ‘ॲम-इज-आर’च्या चिठ्ठ्यांना दोऱ्याने ‘इंग’ची चिठ्ठी बांधून ठेवावी. पुढे क्रियापद आलं की दोरीचं दुसरं टोक त्याला लावायचं: आय ॲम गो-इंग. पुढे क्रियापद नसेल, ‘आय ॲम हंग्री’ असेल, तर दोरी नुसती लोंबू द्यायची. एवढ्याने जी चूक सुटते, ती वर्कबुकातल्या रिकाम्या जागा भरून सुटत नाही. रिकामी जागा मुलाला आधीच सांगते की इथे काहीतरी बसतंय. लिहिताना मात्र अशी जागा कोणी आखून देत नाही.

प्रश्नांचंही तसंच. ‘तू कुठे जातोयस?’ या मराठी प्रश्नात कर्ता जागचा हलत नाही, म्हणून मूल ‘व्हेअर यू आर गोइंग?’ म्हणतं. ‘आर’ची चिठ्ठी उचलून ‘यू’च्या आधी ठेवायची, बस. ‘डू’ आणि ‘डिड’ तिसरीच्या आधी काढूच नयेत. काढल्यावर ‘आय डिड नॉट वेंट’ येणारच, कारण ‘मी गेलो नाही’ म्हणताना मराठीत भूतकाळ ‘गेलो’मध्येच असतो. तेव्हा ‘वेंट’च्या चिठ्ठीतला भूतकाळ ‘डिड’ने काढून घेतला असं सांगावं आणि ‘गो’ची चिठ्ठी पुढे करावी. ‘मला भूक लागली’, ‘माझं डोकं दुखतंय’, ‘मला भीती वाटते’ या वाक्यांचं मात्र विश्लेषण करू नये. शब्दाला शब्द लावून ती कधीच नीट उतरत नाहीत. ती अख्खीच्या अख्खी तोंडात बसवावीत.

आर्टिकलचा, म्हणजे नामाआधी येणाऱ्या ‘अ’, ‘ॲन’, ‘द’चा, बाऊ करू नये. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते गळणारच. नवा शब्द शिकवताना नुसतं ‘डॉग’ न म्हणता ‘अ डॉग’, नुसतं ‘एग’ न म्हणता ‘ॲन एग’ म्हणावं, म्हणजे ते नामाला चिकटून येतं. ‘अ’ की ‘ॲन’ हा प्रश्न देवनागरीने चुटकीसरशी सुटतो, आणि हे शाळेत क्वचितच सांगितलं जातं. शब्द मराठीत लिहून बघायचा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. ‘अवर’, म्हणजे तास, याच्या स्पेलिंगमध्ये आधी एच असला तरी देवनागरीत आधी अ येतो, म्हणून ‘ॲन अवर’. ‘युनिफॉर्म’ यू अक्षराने सुरू होत असला तरी देवनागरीत य येतो, म्हणून ‘अ युनिफॉर्म’. ‘एमएलए’ला ‘ॲन’, ‘वन-रुपी कॉइन’ला ‘अ’. मोठ्यांनाही अडखळायला लावणारा नियम बाराखडी येणारं मूल असा सोडवतं. ‘द’ कुठे लावायचं आणि कुठे नाही, ते वाचनातून हळूहळू येतं. पाचवीच्या आत त्यासाठी एकही वाक्य खोडू नये.

काय केव्हा सुधारायचं, याचा निर्णय शिकवण्याइतकाच महत्त्वाचा आहे. ‘ही गोज’ऐवजी ‘ही गो’ लिहिलं म्हणून दुसरीत लाल रेघा मारल्या जातात. पण तो शेवटचा ‘एस’ इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही उशिरा उचलतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी १९७३मध्ये मांडलेल्या, मुलं इंग्रजी उचलतात त्या क्रमात ‘इंग’ अगदी आधी येतं, अनेकवचनाचा ‘एस’ त्यानंतर, आणि ‘ही गोज’मधला ‘एस’ बऱ्याच नंतर. डुले आणि बर्ट यांनी १९७४मध्ये स्पॅनिश आणि चिनी मातृभाषेची, इंग्रजी शिकणारी मुलं पाहिली; त्यांचा क्रमही एकमेकांशी जुळणारा निघाला. ज्याची वेळ आलेली नाही ते घोटून घेतलं की मूल सगळीकडे ‘एस’ लावत सुटतं आणि ‘आय गोज’, ‘दे प्लेज’ लिहायला लागतं. तेव्हा तिसरीपर्यंत तो ‘एस’ आपण बोलताना स्पष्ट उच्चारावा, वाचताना बोट ठेवून दाखवावा आणि वहीत सोडून द्यावा.

अक्षरांबद्दल थोडक्यात. मराठीत ‘क’चं नाव आणि ‘क’चा आवाज एकच असतो. म्हणून मुलाला वाटतं की ‘सी-ए-टी’ म्हणजे सी-ए-टीच. अक्षराचं नाव आणि त्याचं काम वेगळं असतं, हे पहिल्या दिवसापासून सांगायला हवं. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांचे आवाज आले की सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप असे शब्द मूल स्वतः वाचू लागतं. ए ते झेड क्रमाने गेलं तर तिथे पोचायला महिने जातात. लहान लिपी आधी शिकवावी, कारण पुस्तकात तीच जास्त असते. चाररेघी वहीत सी, ओ, ए, डी, जी, क्यू ही एकाच वळणाची अक्षरं एकत्र घ्यावीत. बी आणि डी एकाच आठवड्यात कधीही शिकवू नयेत. आणि पुस्तकातल्या इंग्रजी शब्दांवर देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवय मोडावी. डोळा वरच्या ओळीवरच जातो, खालचा इंग्रजी शब्द पाहिलाच जात नाही. उच्चार हवाच असेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून उलटी ठेवावी.

वाचनासाठी आठ ते सोळा पानांचं, पानावर एक-दोन ओळी असलेलं एकच पुस्तक आठवडाभर पुरतं. प्रथम बुक्स या प्रकाशनाच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीतही फुकट मिळते. सोमवारी ती मराठीतून वाचावी आणि चित्रांवर गप्पा माराव्यात. मंगळवारी इंग्रजीतून, शब्दाखाली बोट फिरवत. बुधवारी ओळीतला शेवटचा शब्द मुलाने म्हणायचा. गुरुवारी मुलाने वाचायचं. शुक्रवारी गोष्टीतलं एक वाक्य घेऊन त्यातला एक शब्द बदलायचा. माकडाने केळं खाल्लं, आपल्या वाक्यात शेळीने पाला खाल्ला. शुक्रवारचं हे काम सर्वांत मोलाचं आहे आणि बहुतेक घरांत नेमकं तेच सुटतं.

आता लेखन. रोज तीन वाक्यं, जास्त नाहीत. आधी मराठीतून विचारावं की आजचं काय सांगायचंय. मूल सांगेल त्यातली तीन सोपी वाक्यं निवडावीत, इंग्रजीत तोंडी म्हणावीत, मग लिहावीत, मग मोठ्याने वाचावीत. पंधरा मिनिटांत होतं. शब्द अडला तर मराठी शब्द लिहू द्यावा. ‘आय ईट भाकरी’ हे पूर्ण, निर्दोष वाक्य आहे. भाकरीच्या जागी ‘ब्रेड’ लिहायला लावलं की मूल खोटं लिहायला शिकतं. पाठ केलेल्या निबंधांबद्दल आमचा मुख्य राग हाच आहे. आई पहाटे भाजी बाजारात नेते आणि मूल वहीत लिहितं की, माय मदर इज अ हाउसवाइफ, शी इज द बेस्ट मदर इन द वर्ल्ड. दहापैकी दहा गुण मिळतात आणि मुलाला एक गोष्ट कळते: इंग्रजीत आपलं खरं लिहायचं नसतं. मग पुढे दहावीतही गाइडशिवाय त्याच्या हातून पत्र उतरत नाही.

तपासताना आधी मजकुरावर बोलावं. कुत्र्याबद्दल लिहिलं असेल तर कुत्र्याबद्दल विचारावं. मग आठवडाभर एकाच प्रकारची चूक बघावी. या आठवड्यात वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने. पुढच्या आठवड्यात ‘इज’ आणि ‘इंग’ची जोडी. बाकी सगळं सोडून द्यावं, दिसलं तरी. मोठ्या अक्षराकडे खास लक्ष लागतं कारण देवनागरीत तो प्रकारच नाही. पूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह मात्र मराठी वहीतही तेच आहेत, ते नव्याने शिकवायला नकोत. चूक खोडू नये, खाली आपल्या अक्षरात बरोबर वाक्य लिहावं. स्पेलिंगसाठी मुलाच्याच लेखनातले आठवड्याला पाच शब्द निवडावेत: बघायचं, झाकायचं, लिहायचं, ताडून बघायचं. तीन वेळा. वीस वेळा लिहायला लावलं की पाचव्यानंतर हात चालतो, डोकं नाही.

तिसरी-चौथीत ही वाक्यं साठली की जोडायला घ्यावीत. ‘आय हॅव अ डॉग. इट इज ब्लॅक.’ याचं ‘आय हॅव अ ब्लॅक डॉग.’ मग ‘अँड’, ‘बट’, आणि सर्वांत उपयोगी ‘बिकॉज’. त्यासाठी मुलाला त्याच्याच जुन्या वहीतली वाक्यं द्यावीत. इथे नावं सांगायलाही हरकत नाही. ‘ब्लॅक’ हे ज्या शब्दाबद्दल सांगतंय तो नाउन, आणि ‘ब्लॅक’ ॲडजेक्टिव्ह. मराठीच्या तासाला नाम आणि विशेषण येतच असतं. तोवर शेकडो वाक्यं हाताखालून गेलेली असल्याने ही ओळख एका संध्याकाळी होते. पाचवीपासून व्याकरण नियमासकट, तक्त्यांसकट जरूर शिकवावं. आमचा विरोध व्याकरणाला नाही, त्याच्या अवेळीपणाला आहे.

ज्या घरात कोणालाच इंग्रजी येत नाही, तिथे काय? तिथेही चार गोष्टी तपासता येतात: पहिलं अक्षर मोठं आहे का, शेवटी टिंब आहे का, लाल चिठ्ठीचा शब्द निळ्याच्या शेजारी आहे का, आणि मूल ते वाक्य वाचून मराठीत अर्थ सांगू शकतं का. शेवटची तपासणी सर्वांत कसोटीची आहे. अशा घरांनी मुलाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलण्याचा प्रयत्न मात्र करू नये. द्वैभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९मध्ये मांडलं की, पहिल्या भाषेत कमावलेली वाचनाची आणि विचाराची ताकद दुसऱ्या भाषेत उतरते. जो मुलगा मराठीत सलग पाच वाक्यांत घडलेलं सांगू शकत नाही, तो इंग्रजीत तीन लिहिणार नाही. ‘कम, ईट, वॉश हँड’ एवढ्यावर घरातला संवाद आणला तर मुलाला इंग्रजी मिळत नाही आणि मराठीही जातं. ही हानी भरून काढायला कुठलाही क्लास पुरा पडत नाही.

शाळांना हे सांगायला पालकसभा आहे. तिथे तीन गोष्टी मागाव्यात. पहिली ते तिसरीच्या इंग्रजी गृहपाठातून व्याख्या आणि रिकाम्या जागा काढा, त्याऐवजी आठवड्याला एक वाचनपुस्तिका घरी द्या. तीन वाक्यांच्या वहीत एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करा. आणि चाचणीत पाठ केलेल्या ‘माय मदर’ऐवजी एखादं चित्र देऊन त्यावर मुलाची स्वतःची दोन वाक्यं मागा, ‘एस’ गळला म्हणून गुण कापू नका. साठ मुलांच्या वर्गात हे जमणार नाही, असं शिक्षक म्हणतील आणि त्यांची अडचण खरी आहे. पण साठ वह्यांतली प्रत्येक चूक लाल करण्यापेक्षा साठ वह्यांत एकच चूक शोधायला निम्माही वेळ लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्या एका चुकीवर अख्ख्या वर्गाला फळ्यावर शिकवता येतं.